दोन रेषांमधलं पाणी

"तुम्हाला अजिबातच ऐकू येत नाही ना?" टेकडीवरच्या केंद्राच्या प्रमुखबाईंनी विचारलं, आणि इतक्या आशेने विचारलं की मला हसू आवरेना.

ताई त्यांच्या ओठांकडे बघत होती. प्रश्न तिला कळला, त्यातली आशा कळली नाही. गेल्या बावीस वर्षांत हाच प्रश्न तिला पुष्कळांनी विचारला होता आणि तिने उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. दुकानात नको, दवाखान्यात झाडलोटीलाही नको, कारण मागून हाक मारली तर हिला कळणार कसं. म्हणून सवयीने मान खाली घालून ती म्हणाली, "नाही. कानाशी ताट आपटलं तरी नाही."

"छान," प्रमुखबाई म्हणाल्या. "मग आम्हाला तुम्हीच हव्यात."

ताईने माझ्याकडे बघितलं. आपण ओठ चुकीचे वाचले असं तिला वाटलं असावं. मी तेच पुन्हा सावकाश बोलून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला 'नाही' म्हटल्याबद्दल नोकरी मिळाली होती.

आमच्या शहराचा तलाव तीन वर्षं तळाला गेला होता. ढग यायचे, दिवसभर डोक्यावर रेंगाळायचे आणि चहा न घेता उठलेल्या पाहुण्यासारखे निघून जायचे. त्यांना थांबवायला म्हणून टेकडीवर संशोधन केंद्र आलं. त्यांचं म्हणणं असं, की ढगात पाणी असतंच, पण थेंब इतके बारीक असतात की खाली पडायला त्यांना वजनच नसतं. खालच्या पट्टीतला जाडा आवाज वर सोडला तर हवा हलेल, थेंब एकमेकांवर आपटतील, एकमेकांत मिसळून जड होतील आणि पडतील. प्रमुखबाईंनी मला हे चहाच्या पातेल्यावर दाखवलं. झाकणाला आतून वाफ धरली होती. त्यांनी कडेला चमच्याने टकटक केलं, तसे दोन-चार थेंब एकत्र होऊन घरंगळले.

"ढगात असं होतं की नाही, ते बघायचंय," त्या म्हणाल्या.

मी त्यातलं 'की नाही' सोडून दिलं. मला वाटलं, होतंच.

माझा धंदा कर्णे दुरुस्त करण्याचा. शाळेचं मैदान असो नाहीतर सभा असो, शहरातला कुठलाही कर्णा मुका झाला की तीस वर्षं माझ्याच दुकानात यायचा. त्यामुळे टेकडीवरचे आठ कर्णे माझ्या ताब्यात दिले गेले. एकेकाच्या तोंडात माणूस उभा राहील एवढे मोठे. शहर मला भोंगेवाला म्हणायला लागलं आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. केस कापायला बसलो तरी लोक विचारत, "काय भोंगेवाले, आज पाडणार का?" मी आभाळाकडे बघून, जणू सगळं माझ्याच हातात आहे अशा थाटात म्हणायचो, "बघू."

कामाची रीत मात्र कडक होती. योग्य ढग आले की सकाळी मी एक बंद पाकीट फोडायचं. आत 'वाजवा' किंवा 'गप्प' अशी चिठ्ठी. वाजवा असेल तर चार तास कर्णे चालू, गप्प असेल तर मी नुसता बसून राहायचं. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या अंगाखांद्यावर ठेवलेल्या पाच मापकांतलं पाणी कोणीतरी मोजायचं. आणि हे जो मोजेल त्याला आदल्या दिवशी भोंगा वाजला की नाही हे कळता कामा नये. माणसाला जे हवं असतं ते त्याच्या डोळ्यांना आधी दिसतं, असं प्रमुखबाई म्हणायच्या. स्वयंचलित यंत्रं मागवली होती, ती यायला दोन वर्षं लागणार होती. तोवर माणूस हवा होता, आणि भोंगा तर सगळ्या शहराला ऐकू जायचा, फडताळातली भांडी थरथरायची. मग न ऐकणारा माणूस शोधायचा ठरलं. त्यांनी दोन शहरांत चौकशी केली, पत्रं लिहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझी थोरली बहीण माझ्याच घरात भाजी निवडत बसली होती.

ताई अठरा वर्षं कापडगिरणीत मागावर होती. तीनशे मागांच्या खडखडाटाने तिचे कान हळूहळू नेले, इतके हळू की शेवटचा आवाज कोणता ऐकला हेही तिला सांगता येत नाही. ती बोलते चांगली, फक्त आवाज एकाच उंचीवर राहतो. ओठ वाचते. तिला वाचायला सोपं जावं म्हणून मी मिशी काढली. घरात आम्ही दोघंच, तेव्हा मिशीचं कौतुक करायला तसंही कोणी नव्हतं.

कामाला लागल्यावर ती बदललीच. पहाटे उठून, पायांत बूट घालून पाच मापकांची सात किलोमीटरची फेरी करायची. नरसाळं उचलायचं, खालची बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचं, गुडघे टेकून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा लिहून पुढे सही करायची. ती सही मी बघितली आहे. रेशनच्या कागदावर ती जेमतेम दोन अक्षरं ओढायची, इथे पूर्ण नाव लिहायची. पाण्याची कड मापाच्या दोन रेषांच्या अगदी मधोमध आली तर काय करायचं, असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "जी रेष जवळची वाटेल ती घ्या," प्रमुखबाई म्हणाल्या.

आणि नियम तरी किती पाळावा. दूधवाल्याने एकदा कानाशी हात नेऊन, गाल फुगवून काल भोंगा वाजल्याची खूण करायचा प्रयत्न केला, तर तिने त्याच्या तोंडावर दार लावलं. दूध बाहेर आणि आम्ही आत. माझ्याशी जेवताना भोंग्याचा विषय बंद. वाजवून आलो की माझं अंग थकलेलं असायचं, तेही तिला दिसू नये म्हणून मी न वाजवलेल्या दिवशीही थकल्यासारखा यायचो.

पहिला हंगाम संपला. पाकिटांची यादी आणि ताईच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या गेल्या. भोंग्याच्या दिवशी पाऊस थोडा जास्त पडला होता. फार नाही, पण जास्त. आकडे केंद्राच्या फळ्यावर लागले. महिन्याभरात समिती येणार होती आणि आकडे पटले तर आणखी चार टेकड्यांवर कर्णे बसणार होते. त्या दिवशी प्रमुखबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मी तर दोन कप प्यायलो आणि कर्ण्यांच्या पुढच्या खरेदीत काय काय सुधारणा हव्यात ते कोणी न विचारता सांगितलं.

ताई चहाला आलीच नाही. ती फळ्यासमोर स्वतःची कच्ची वही उघडून उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला दुकानातून बोलावून घेतलं आणि समोर बसवलं.

"मला कळत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"भोंगा. वाजला की नाही ते. दर वेळी."

मी हसलो. म्हटलं, कानात काय फुटलं का तुझ्या? तिने पाय पुढे केले. तळवे दाखवले.

गिरणीत म्हणे मागांच्या खडखडाटात कान असूनही कोणालाच काही ऐकू यायचं नाही. कोणता माग बिघडलाय हे विणकर जमिनीवरून ओळखायचे, उभ्या उभ्या तळव्यांतून. ताई तर दोन रांगा पलीकडचा माग सांगायची. भोंगा वाजला की आमच्या घराच्या फरशीतून तो तिच्या पायांत चढायचा, मग गुडघ्यात, मग छातीच्या हाडात. पहिल्या दिवशी तिला वाटलं रस्त्यावरून मालगाडीसारखं काहीतरी चाललंय. चौथ्या दिवशी कळलं. तिने पायांत जाड बूट घातले, दोन सतरंज्या अंथरल्या, भोंग्याच्या वेळेला पलंगावर पाय वर घेऊन बसली. तरी कळायचंच. ती बूट घालायची ते दगडधोंड्यांसाठी, असं मी समजत होतो.

"मग सांगितलं का नाहीस तेव्हाच?"

"नोकरी गेली असती," ती म्हणाली. "आणि मला वाटलं, कळलं म्हणून काय झालं? मी आकडा खरा लिहिते ना. माझा माझ्यावर भरवसा होता."

मग तिने वही पुढे केली. गिरणीत कापडात दोष राहिला तर तो लपवायचा नाही, काठाला तिथे दोरा बांधायचा, म्हणजे पुढच्याला दिसतो. त्या सवयीने, पाणी दोन रेषांच्या मधोमध आलं की ती आकड्याशेजारी समासात ठिपका द्यायची. असे एकतीस ठिपके होते. फळ्यावरच्या तारखांशी तिने ते ताडून बघितले. भोंग्याच्या दिवसांचे सतरा ठिपके, त्यांतल्या पंधरा वेळा तिने वरची रेष घेतली होती. गप्प दिवसांचे चौदा, त्यांतल्या बारा वेळा खालची.

"मी खोटं एकदाही लिहिलं नाही," ती म्हणाली. "पण जिथे दोन्ही खरं धरता आलं असतं, तिथे मी मला हवं ते खरं घेतलं. तुझा भोंगा जिंकावा असं मला वाटत होतं. मला पत्ताच लागला नाही रे."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. मी म्हटलं, एवढ्याशा ठिपक्यांनी काय होतंय, कोणी बघितलेत? समिती येऊन जाऊ दे, मग सांग. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, या वयात दुसरी नोकरी कोण देणार आहे तुला? ती म्हणाली, कोणी नाही. मी म्हटलं, मग आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? ती वही रुमालात बांधायला लागली.

तेव्हा मी एक हलकं काम केलं. तोंड भिंतीकडे वळवलं आणि तिला कळणार नाही अशा बेताने बोलत सुटलो. की हिच्यामुळे माझी शहरात शोभा होणार. की सगळं आयुष्य लोकांचे फाटके कर्णे चिकटवण्यात गेलं आणि आता कुठे चार माणसं ओळखायला लागली होती. की हिला आणलं तेच चुकलं.

पाठीवर हात पडला. ताईने तळवा माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधे सपाट टेकवला होता.

"शब्द कळत नाहीत," ती म्हणाली. "पण शिव्या घालतोयस एवढं लागतंय हाताला. घाल. झालं की चप्पल घाल, केंद्रावर जायचंय."

प्रमुखबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या तिच्याशी बोलताना सावकाश ओठ हलवायच्या, त्या दिवशी तर फारच सावकाश हलवले. ठिपक्यांनी आकड्यांत फारसा फरक पडत नाही, असं त्यांनी लगेच हिशोब करून सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. पण तसं सांगताना त्यांचा चेहरा काही सुधारला नाही. ठिपक्यांचा प्रश्न नव्हताच. मोजणारीला माहीत होतं की नव्हतं, एवढाच प्रश्न होता. माहीत असेल तर हंगामाची सगळी वही बाद. त्यांनाही, मला वाटतं, मनातून ते खरं नसावं असंच वाटत होतं. त्या म्हणाल्या, टेकडीपासून तुमचं घर दीड किलोमीटर. ठार बहिऱ्या माणसाला तिथे कळेल हे मला पटत नाही. आपण तपासून बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आमच्या अंगणात, टेकडीकडे पाठ करून, डोळ्यांना फडकं बांधून उभी राहिली. शेजारी प्रमुखबाई कागद घेऊन. मी वर कर्ण्यांपाशी. मला फोनवर दहा वेळा सांगितलं जाणार होतं, आता वाजवा किंवा आता गप्प. वाजतंय असं वाटलं की ताईने हात वर करायचा.

मी वर एकटाच होतो. समोर आवाज कमी-जास्त करायचं बटण, पेल्याच्या तोंडाएवढं मोठं. ते कितीवर ठेवलेलं असतं हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. पहिल्या तीन वेळा मी सांगितल्याबरहुकूम वागलो. चौथ्या वेळी 'वाजवा' आलं आणि माझ्या मनात आलं, की हे बटण निम्म्यापेक्षा खाली घेतलं तर कर्णा वाजेल, शहराला ऐकूही जाईल, पण तिच्या तळव्यांपर्यंत पोचणार नाही. तिचा हात वर जाणार नाही. मग चाचणी फसेल, तिची नोकरी राहील, माझे कर्णे राहतील आणि कोणी खोटं बोललं असंही होणार नाही. मी बटण खाली घेतलं. तिच्या भल्यासाठी घेतलं, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या सगळ्या वेळांना तिथेच ठेवलं.

दहा झाल्यावर प्रमुखबाई पुन्हा फोनवर आल्या.

"दहापैकी दहा," त्या म्हणाल्या. "आणि भोंगेवाले, चौथ्यापासून त्यांनी हात अर्धाच वर केला. फडकं सोडल्यावर मी विचारलं अर्धा का, तर म्हणाल्या, वाजतंय, पण भाऊ बटण खाली घेतोय."

त्या टेकडीवर मी इतका वेळ बसून राहिलो की कर्ण्यावर बसलेले कावळे मला विसरून माझ्या बुटापर्यंत आले. लाज वाटली, हे सांगायला आता काही वाटत नाही. सगळं आयुष्य मी आवाजाच्या धंद्यात काढलं आणि ज्या बाईला ऐकूच येत नाही तिने मला दीड किलोमीटरवरून पकडलं.

खाली उतरलो तर ताई अंगणातच होती. फडकं घडी करत होती. मी समोर उभा राहिलो, ओठ दिसतील असा.

"चुकलं," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "चहा टाकलाय."

पहिला हंगाम बाद झाला. फळ्यावरचे आकडे प्रमुखबाईंनी स्वतः पुसले. समिती आली तेव्हा त्यांनी ताईची वही ठिपक्यांसकट पुढे ठेवली आणि आणखी एक हंगाम मागून घेतला. चार टेकड्यांचं मात्र राहिलं ते राहिलंच. केस कापणाऱ्याने मला दोन आठवडे काही विचारलं नाही. मग एकदा म्हणाला, "म्हणजे पडत नाही का भोंग्याने?" मी म्हटलं, माहीत नाही. तीस वर्षांत त्या खुर्चीवर बसून मी हे पहिल्यांदा म्हटलं असेल.

ताईने राजीनामा लिहून नेला होता. त्यात तिने खाली एक सूचनाही लिहिली होती. पाणी इथे मोजूच नका. बाटलीला बूच लावा, वर नंबर टाका आणि दूर, जिथे भोंगा पोचत नाही अशा ठिकाणी मोजून घ्या. नंबर कोणत्या दिवसाचा हे मोजणाऱ्याला सांगू नका. प्रमुखबाईंनी सूचना ठेवून घेतली आणि राजीनामा परत दिला. बाटल्या गोळा करून खाली गाडीपर्यंत आणायला माणूस लागणारच होता. वहीवर सही करायचं काम मात्र गेलं, पगारही त्या मानाने उतरला. ताई हो म्हणाली. कागदाची एक बाजू कोरी होती म्हणून राजीनाम्याच्या पाठीमागे तिने घरचं सामान लिहिलं.

आता दुसरा हंगाम चालू आहे. भोंगा पाकिटात असेल तसा वाजतो, बटण एका खुणेवर कुलूप लावून बंद केलंय. कुलपाची मागणी माझीच.

काल गप्प दिवस होता की वाजवा, ते सांगत नाही, पण आज सकाळी मी वरून ताईला बघितलं. ती तिसऱ्या मापकापाशी आली. मान दुसरीकडे वळवून तिने नरसाळं उचललं, हातानेच चाचपून बाटलीला बूच लावलं आणि पाणी दिसू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं. मग खाली वाकून तिने जमिनीवरचे दगड उचलले, न बघता, हाताला येतील तेवढे, आणि बाटलीबरोबर एकदमच पिशवीत टाकले.

ते दगड मला कळेनात. घरी आल्यावर मी विचारलं. म्हटलं, आता तू मोजत नाहीस, कोणता नंबर कुठे जातो तुलाही माहीत नाही, मग हे ओझं कशाला?

"बाटली उचलली की वजन कळतं," ती म्हणाली. "पाणी कमी आहे की जास्त, ते हाताला कळतं. दगड असले की कळत नाही. हाताला कळलं की हात काहीतरी करतो."

"काय करणार आहे हात? बूच तर लावलेलं असतं."

"ते मला काय माहीत," ताई म्हणाली. "गेल्या वेळीही माहीत नव्हतं."

खांद्याला पिशवीच्या पट्ट्याचा वळ उठला होता. तिने तिथे तेल लावलं, रिकामी पिशवी अंगणात उलटी करून झटकली, आणि दाराशी आणलेल्या दगडांचा जो लहानसा ढीग झाला होता त्यात आजचेही नीट लावून ठेवले.